नावाच्या भाकरीचं माप

जाड कुत्रं दिसलं की लोकांना हसू येतं. आमच्या कॉलनीत समोरच्या घरी असं एक आहे. मालकीण त्याला रोज सकाळी फिरवायला नेते, म्हणजे चार फाटकं ओलांडली की ते रस्त्यातच बसतं आणि ती पट्टा ओढत उभी राहते. परवा मला म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी टेप लावून मापं घेतली याची. छातीचं घेतलं, कमरेचं घेतलं. म्हणे कंबर छातीला गाठायला आलीय. हृदयावर ताण येईल, सांधे जातील, साखरसुद्धा होऊ शकते." सांगताना ती हसत होती. मी हसले नाही. मला माझी माय आठवली.

मुलगा दूरदेशी असतो. फोनवर दर वेळी म्हणतो, एकटी आहेस, एखादं कुत्रं पाळ. मी म्हणते, नको रे बाबा, मी त्याला जेवू घालणार आणि मग त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. त्याला वाटतं, म्हातारी काहीतरी बोलते.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, वरवट बकालच्या बाजाराला बैलगाडीने जाऊन दिवेलागणीआधी परत येता येईल एवढ्या अंतरावर. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. गावातली म्हातारी माणसं राजधानी म्हटलं की अजून नागपूरचंच नाव घेत. आमची शेती मध्यम, ज्वारी आणि कपाशीची, पण बाबांची ओळख शेतीवरून नव्हती. ती बैलांवरून होती. कुणाला जोडी घ्यायची असली की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसे आणि मग बाबा खांद्यावर सुतळी टाकून त्याच्याबरोबर बाजारात जात.

ती सुतळी म्हणजे बाबांचा सगळा रुबाब. बैलाच्या वशिंडामागून आणि पुढच्या पायांमागून ती फिरवायची, जिथे टोकाला टेकली तिथे गाठ मारायची. बाबा म्हणत, माणसाचा डोळा रंगावर जातो, शिंगावर जातो, सुतळी कुठंच जात नाही. घरच्या बैलांचं माप पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला घेत. तूप-हळदीने खांदे शेकून झाले की बैलांच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग सुतळी. मागच्या वर्षीच्या गाठीच्या पुढे नवी गाठ पडली की बाबांचा चेहरा असा उजळायचा की तेवढ्यात कुणी काही मागितलं असतं तर मिळालं असतं. आम्ही मुलं त्या क्षणाची वाट पाहायचो आणि मागायचोही.

घरात एक कुत्रंही होतं, ते दादाचं. दादा माझा थोरला भाऊ. कुठल्याशा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तांबूस रंगाचं पिल्लू सदऱ्यात घालून घेऊन आला आणि त्याच पोळ्याला हट्ट धरून बसला, "बाबा, माह्या कुत्र्याचंबी माप घ्या." बाबा हसले. पण पिल्लू छातीला सुतळी लावू देईना, गुदगुल्या होऊन लोळायला लागलं. दादाने त्याला पोटाशी धरून उचललं आणि बाबांनी पोटावरच एक वेगळी सुतळी फिरवून गाठ मारली. तेव्हापासून दर पोळ्याला बैलांची छाती आणि कुत्र्याचं पोट मोजायचा आमच्या घरचा पायंडा पडला. त्यात काही चुकतंय असं आमच्या मनातही आलं नाही. जनावर भरलं, गाठ पुढे गेली, म्हणजे चांगलंच झालं. बैलांच्या घरात दुसरं काय कळणार?

दादा मोठा झाला. उंच, सडपातळ, बोलायला तिखट. एका पोळ्यानंतर तो म्हणाला की आपण भिलाईला जाणार, तिकडे कारखान्यात माणसं घेताहेत. बाबा म्हणाले, इथे काय कमी आहे? तेव्हा दादा जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं. "बैलाची शेपटी पिळत मले जन्म नाही काढाचा." दुसऱ्या कुणाला बोलला असता तर चाललं असतं, पण हे तो बाबांना बोलला. बाबांच्या हातात तेव्हा खरारा होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग जाय." एवढंच. ना शिवी, ना हात उगारणं. दादा दुसऱ्या दिवशी शेगावला जाऊन आगगाडीत बसला आणि बाबांनी त्याचं नाव घेणं बंद केलं.

बाबा घेत नाहीत म्हणून आम्हीही घेईना. कुत्र्याला दादाने ठेवलेलं एक नाव होतं, तेही आपोआप बंद पडलं. ते नाव दादाच्या आवाजातच कानात बसलेलं, आमच्या तोंडून ते परकं वाटे. आम्ही नुसतं "यू यू" म्हणू लागलो. कुत्रं यायचं, पण नावाला जसं यायचं तसं नाही.

मायने मात्र स्वतःची वाट काढली. तिच्या माहेरी एक रीत होती. घरचं माणूस लांब गेलं की त्याच्या नावाची एक भाकर रोज थापायची आणि दिवेलागणीला मुक्या जिवाला घालायची. मुक्या जिवाच्या पोटात गेलेलं त्या माणसाला पोचतं आणि ते जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. माहेरी ती गाईला घालत. आमच्याकडे दादाचं कुत्रं असताना गाईला कशाला, असं मायला वाटलं. आणि कोरडी भाकर कशी घालायची? दादाला दुधात कुस्करून, वर गूळ घालून आवडायची. तेव्हा कुत्र्याला रोज दूध, गूळ, भाकर. तूप कढवलं की बेरी त्यालाच. दादाकडून पुष्कळ दिवस खबर आली नाही की एकाच्या दोन भाकरी होत. वाईट स्वप्न पडलं की तीन. सणाला पुरणपोळी, तीही तुपात भिजवून. भिलाईला लोखंड वितळवतात हे कुणीतरी मायला सांगितलं होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात ती भाकरीबरोबर ताकही ठेवू लागली, म्हणजे त्याला तिकडे गार वाटेल.

आज मला ते आठवून हसू येत नाही की रडूही येत नाही, नुसतं तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं. संध्याकाळी ती ओट्यावर ताट ठेवायची, कुत्रं खाईपर्यंत शेजारी बसायची, आणि ताट चाटून पुसून लख्ख झालं की हळूच म्हणायची, "जेवला." कोण जेवला ते मला ठाऊक होतं.

पोळे आले आणि गेले. दर पोळ्याला बाबा बैलांना आवतन देत, मग कुत्र्याची सुतळी काढत. दादाच्या नावाने त्या घरात बाबा जे काही करत ते एवढंच. गाठी भराभर पुढे सरकत होत्या. एका खांदशेकणीला ती सुतळी पुरेचना, दुसरा तुकडा जोडावा लागला. पाहायला आलेल्या बायका म्हणाल्या, "घरात बरकत हाय वो बाई, कुत्रंबी कसं भरलं!" बाबांनी मान डोलावली. माय तर फुललीच. तिच्या हिशेबाने तिकडे भिलाईला तिचा लेकही तेवढाच भरला होता.

त्याच पोळ्याला ते झालं. गावच्या साऱ्या जोड्या जिथून सुटतात त्या तोरणाकडे बैल निघाले की हे कुत्रं नेहमी सगळ्यांच्या पुढे धावत असे, जसं काही त्यालाच मान आहे. त्या दिवशी ते मारुतीच्या देवळापर्यंत आलं आणि मधोमध बसलं. जीभ बाहेर, श्वासाला शिट्टी, मागचे पाय थरथरताहेत. मागून अख्ख्या गावाच्या जोड्या येत होत्या, वाजंत्री वाजत होती. कुणीतरी ओरडलं, "अबे, शेठजीले बाजूले घ्या!" गाव हसलं. बाबांनी हातातला कासरा चुलत्याकडे दिला, वाकले, आणि ते ओझं छातीशी धरून घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोरण चुकवलं.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. कितीतरी दिवसांत कुत्रं ओट्यावर उडी मारून चढलं नव्हतं. पाणी पिऊन पिऊन पातेलं रिकामं करत होतं. निजताना खोकत होतं. कोपरांवर घट्टे पडून तिथले केस गेले होते. आम्ही म्हणत होतो, सुखाने सुस्तावलंय.

वरवटच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याचा ढोरांचा डॉक्टर तिथे येऊन बसत असे. बाबांनी गाडी जुंपली, खाली कडबा पसरला, त्यावर कुत्रं ठेवलं. मीही चढले. ओल्या काळ्या मातीतून चाकं रुतत होती आणि वाटेत भेटेल तो माणूस विचारत होता, "काय बिमार हाय का बैल?" बाबा कुत्र्याकडे बोट दाखवत आणि माणूस तोंडावर उपरणं धरून पुढे जाई. कुत्र्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेणारा माणूस त्या भागाने पाहिला नव्हता. ती गोष्ट आमच्या आधी बाजारात पोचली होती.

डॉक्टर तरुण होता, अमरावतीकडचा. त्याने कुत्र्याच्या बरगड्या चाचपल्या, म्हणजे शोधल्याच. सापडल्या नाहीत.

"काका, याला काय खाऊ घालता?"

"घरचं," बाबा म्हणाले. "आन् माप दर साली वाढतं हाय. हे पाहा सुतळी." बाबांनी खिशातून ती गाठीगाठींची सुतळी अभिमानाने काढली.

डॉक्टरने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "हे कुठलं माप घेता?"

"पोटाचं."

"आणि छातीचं?"

डॉक्टरने कुत्र्याला उभं केलं, सुतळी त्याच्या छातीभोवती फिरवली आणि जिथे भरली तिथे चिमटीत धरली. मग तीच चिमूट न सोडता सुतळी मागे, बरगड्या संपतात तिथे नेली. ती जुळली नाही. पोटापाशी चार बोटं कमी पडली. "आता पाहा काका. कुत्र्याची कंबर छातीपेक्षा बारीक असावी लागते, चांगली बारीक. इथं उलटं झालं आहे. ही चार बोटं आणि त्याच्यावरची सगळी चरबी आहे. ती त्याच्या काळजावर बसली, गुडघ्यांवर बसली. म्हणून श्वास पुरत नाही."

"मोजमाप मले नका शिकवू," बाबा तडकले. "माह्या सुतळीवर लोक जोड्या घेतात."

"बैलाच्या," डॉक्टर म्हणाला. "बैल भरला तर त्याची गाठ पुढं जाते, खरं आहे. याची गाठ मागं आली तर हा जगेल. नाही तर पुढचा पोळा पाहणार नाही. दूध, गूळ, तूप बंद. भाकर अर्धी, तीही कोरडी."

परतीच्या वाटेवर सुतळी बाबांच्या मुठीत होती. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "तुह्या मायले कसं सांगू?" ते मला विचारत नव्हते.

मायने ऐकलं आणि पदर खोचून उभी राहिली. "भाकर बंद? त्याची भाकर मी बंद करू? तिकडं माह्यं लेकरू उपाशी पडीन!"

"डॉक्टर म्हणते कुत्रं मरीन."

"आन् पोरगं? तुमाले काय त्याचं, तुमी तं बैलाले आवतन देता, पोराले कधी देलं का?"

हे इतक्या वर्षांचं होतं, एकदम बाहेर आलं. बाबा गोठ्यात निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मला अजून नको वाटतात. माय अर्धी भाकर घालायची आणि तिचा जीव अर्धा व्हायचा. मग कुणी पाहत नाही असं पाहून उरलेली अर्धीही घालायची, वर गुळाचा खडा. कुत्र्याची शिट्टी ऐकली की स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. घातली तर हा मरणार, नाही घातली तर तो उपाशी. दोन्ही बाजूंनी तिचंच लेकरू अडकलेलं. तिला समजवायला लोक आले. एकाने सांगितलं, गाईला घाल. ती म्हणाली, गाईला त्याची ओळख नाही. कुत्र्याने त्याचा हात चाटलाय.

एका संध्याकाळी ती ताट घेऊन ओट्यावर आली. ताटात दूध, गूळ, कुस्करलेली भाकर, सगळं पूर्वीसारखं. कुत्रं खाली अंगणात पडलं होतं. त्याने मान उचलली, उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय उभे राहिले, मागचे राहिले नाहीत. ते तिथूनच तिच्याकडे पाहत शेपूट हलवत राहिलं. माय ताट घेऊन उभी, पायरी उतरेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात ताटात अडकले होते, त्यामुळे पुसताही येत नव्हतं.

बाबा गोठ्यातून आले. तिच्या हातातलं ताट त्यांनी काढून घेतलं, ओट्यावर मांडी घातली आणि खायला लागले. बाबांना दुधातली गोड भाकर पाहिली तरी मळमळायचं. सणाला खीरसुद्धा ते बोटावर घेऊन देवापुरती खात. पण ते घास घेत गेले, डोळे मिटून, औषध घ्यावं तसे.

"अवं, हे काय करून राह्यले?" माय म्हणाली. "मुक्या जिवाले घालाची असते ते."

"बाप हाय मी त्याचा," बाबा घास गिळून म्हणाले. "माह्या पोटात गेलं तं पोचत नाही काऊन?"

मायने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पोचीन. त्याच्यासाठी तुमी मुकेच तं हाय इतके दिवस."

बाबांनी मान खाली घातली आणि ताट चाटूनपुसून लख्ख केलं. मायने नेहमीसारखं म्हटलं, "जेवला."

त्या दिवसापासून दादाची भाकर रोज बाबांनी खाल्ली. कुत्र्याला अर्धी, कोरडी. दर बाजाराच्या दिवशी सुतळी निघायची, आता दोन ठिकाणी लागायची, आधी छातीला, मग कमरेला. बाबांनी एवढ्या वर्षांच्या गाठी बोटांनी एकेक सोडवायला घेतल्या. जी गाठ सुटली ती दाखवायला मला हाक मारत. चेहरा तसाच उजळायचा, जसा नव्या गाठीने उजळत असे. हिवाळ्यात कुत्रं ओट्याची पहिली पायरी चढलं. उन्हाळ्यात ते माझ्याबरोबर विहिरीपर्यंत येऊ लागलं. बरगड्या हाताला लागायला लागल्या. बाबांचं मात्र धोतर आखूड पडायला लागलं. माय एकदा तीच सुतळी घेऊन त्यांच्यामागे लागली, "या इकडं, तुमचंबी माप घेते." बाबा लाजून पळाले. माझ्या आईबापांना मी एवढं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही. ती संध्याकाळ परत मिळणार असेल तर मी माझं उरलेलं सगळं देईन.

पुढच्या पोळ्याला कुत्रं होतं. तोरणापुढे सगळ्यांच्या आधी जाऊन बसलं होतं. आणि बैल सुटायच्या वेळी शेगावच्या बाजूच्या वाटेवरून कुणीतरी एक हाक मारली. कुत्र्याचं नाव. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. कुत्रं नाही थिजलं. ते असं धावलं की बैल बिचकले. चिखलात, खांद्यावर पिशवी, दादा उभा होता.

बैलगाडीत घालून कुत्रं दवाखान्यात नेल्याची थट्टा फिरत फिरत भिलाईपर्यंत गेली होती. आमच्याकडच्या कुणीतरी तिथे हसत हसत ती सांगितली. ऐकणारे हसले आणि दादा म्हणे उठून बाहेर गेला. त्याचं कुत्रं ज्याने गाडीत घातलं, त्या बापाने त्याला टाकलेलं नाही, एवढं त्याला कळलं.

घरी आल्यावर मायने आधी त्याला जेवायलाही वाढलं नाही. खुंटीवरची सुतळी काढली आणि त्याच्या कमरेला लावली. सुतळी कमरेभोवती पुरी फिरून वर कितीतरी उरली. दादा वाळून काडी झाला होता. डोळ्यांखाली काळं, गळ्याची हाडं वर आलेली. मायच्या हातातून सुतळी गळाली. "काहीच पोचलं नाही रे तुले," ती म्हणाली आणि खाली बसली.

दादाला काही कळेना. बाबा दारात उभे होते. त्यांनी दादाच्या कमरेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलले. "तुह्या वाटचं सारं मीच खाल्लं बे."

दादाने वाकून त्यांचे पाय धरले. बाबांनी त्याला उठवलं नाही, तेच खाली बसले.

दादा राहिला नाही. राहणार नव्हताच. बैल नकोतच होते त्याला, आणि बाबांनी ते आता ऐकून घेतलं. निघताना बाबा त्याच्या कानाशी वाकले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं, कारण ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. "आज आवतन घे. पुढच्या पोळ्याले जेवाले ये." त्या संध्याकाळी मायने हाक मारण्याआधीच बाबा ओट्यावर मांडी घालून बसले होते. कुत्रं त्यांच्या पायाशी, तोंड वाटेकडे.

आता त्यातलं कुणी नाही. ओटा नाही, बैलही नाहीत. मला डॉक्टरकडे न्यायला शेजारची मुलगी येते. मागच्या महिन्यात त्या पोरसवद्या डॉक्टरने माझ्याही कमरेला टेप लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, गोड खाता का? कंबर फार वाढलीय. हृदयाला बरं नाही हे." मी म्हटलं, मला गोड आवडत नाही. ते खरंच आहे, बाबांवर गेलेय मी. त्याचा विश्वास बसला नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, वेळेवर जेवतो गं मी, काळजी नको करू. मी हो म्हणते. मग दिवेलागण झाली की दुधात भाकर कुस्करते, वर गूळ घालते, आणि डोळे मिटून खाते.